संस्कार एक, मते दोन

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे, लिहिणारे एकमेकांना ओळखत नसतानाही, एकाच प्रश्नाभोवती फिरणारी निघाली. माणसाची मूल्ये आणि त्याची राजकीय मते यांचा संबंध नेमका कसा असतो, आणि राजकारणात गुंतल्याने तो घट्ट होतो की बिघडतो, असा तो प्रश्न आहे. म्हणून या वेळी सदराची सर्व जागा याच चार पत्रांना दिली आहे. बाकीच्या वाचकांनी पुढील अंकापर्यंत धीर धरावा.

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ सदाशिव पेठेतील एकाच वाड्यात वाढलो. वडील शाळामास्तर होते. खोटे बोलू नये, अंथरूण पाहून पाय पसरावेत, वडीलधाऱ्यांचा मान ठेवावा, अडलेल्याला मदत करावी, हे दोघांनाही सारखेच शिकवले गेले. धाकटा भाऊ गेली पंचवीस वर्षे एका राजकीय पक्षाचे काम करतो. हमीभाव असो, आरक्षण असो की परराष्ट्र धोरण, त्याचे मत तयार असते आणि बाकीच्या मतांशी ते चपखल जुळते. मी बँकेतून निवृत्त झालो. मतदान कधी चुकवत नाही, पण राजकारणाशी माझा तेवढाच संबंध. माझी मते मात्र विस्कळीत आहेत. जुन्या चालीरीती टिकाव्यात असे मला वाटते, आणि दवाखाने, एसटी, वीज हे सरकारनेच चालवावे असेही वाटते. भाऊ म्हणतो, "दादा, तुला विचारसरणीच नाही." संस्कार एकच असताना असे का व्हावे, आणि त्याचे म्हणणे खरे आहे का?
— एक निवृत्त वाचक, सहकारनगर

उत्तर : आपल्या बंधूंचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात त्यांची चूक आहे. ती कोठे होते हे पाहण्यासाठी मूल्य आणि मत या दोन गोष्टी आधी वेगळ्या करून घ्याव्या लागतील.

मूल्य म्हणजे आयुष्यात काय महत्त्वाचे याविषयीची टिकाऊ धारणा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मिल्टन रोकीच यांनी १९७३ साली मूल्यांच्या दोन याद्या मांडल्या. एक गाठावयाच्या ध्येयांची, दुसरी वागण्याच्या रीतींची, आणि प्रत्येकीत अठरा मूल्ये. पुढे १९९२ मध्ये शालोम श्वार्ट्झ यांनी अनेक देशांतील माहितीच्या आधारे दहा मूल्ये एका वर्तुळावर बसवली. परंपरा, नियमपालन आणि सुरक्षितता ही त्यावर शेजारी-शेजारी येतात, आणि त्यांच्या समोरच्या बाजूस स्वतःच्या बुद्धीने ठरवण्याची वृत्ती व नवलाईची ओढ असते. एका बाजूस परोपकार आणि सर्व मानवजातीविषयीची आस्था, तर त्यांच्या समोर सत्ता आणि यश. शेजारची मूल्ये एकमेकांना पोसतात, समोरासमोरची एकमेकांना ओढतात. आपल्या वडिलांनी जे शिकवले ते या वर्तुळाच्या एका बाजूस, परंपरेपासून परोपकारापर्यंतच्या पट्ट्यात, नीट बसते.

पण त्या शिकवणीत हमीभावाविषयी एक अक्षरही नव्हते, हे ध्यानात घ्यावे. "अडलेल्याला मदत करावी" या वाक्यापासून "हमीभाव कायद्याने द्यावा" या वाक्यापर्यंत पोचायचे तर मध्ये कितीतरी पायऱ्या आहेत. अडलेला कोण, शेतकरी की महागाईने पिचलेला शहरी मजूर? मदत कोणी करावी, घराने, गावाने की सरकारने? ती कोणाच्या खिशातून यावी, आणि ठरवलेली मदत ठरवलेल्या माणसापर्यंत पोचते का? यातील प्रत्येक पायरीवर वाट फुटते. एकाच वाड्यातून निघालेले दोघे भाऊ दोन वेगळ्या गल्ल्यांतून बाहेर पडले, तर त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. फरक एवढाच, की बंधूंना या पायऱ्या आयत्या बांधून मिळाल्या आणि आपल्याला त्या दर वेळी स्वतःच बांधाव्या लागतात.

सगळ्याच प्रश्नांना इतक्या पायऱ्या लागत नाहीत. बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंत वेताळ टेकडीवरून रस्ता न्यावा की नाही, हा वाद आपण ऐकला असेल. रोज पहाटे टेकडी चढणाऱ्या माणसाला त्यावर मत बनवण्यासाठी कोणाचे पत्रक वाचावे लागत नाही, कारण झाडे आणि मोरांविषयीचे त्याचे प्रेम थेट मतापर्यंत जाते. सेनापती बापट रस्त्यावरच्या कोंडीत दररोज अडकणाऱ्याचेही तसेच होते. अशा प्रश्नांना एडवर्ड कारमाइन्स आणि जेम्स स्टिमसन यांनी १९८० मध्ये "सोपे" म्हटले, आणि तांत्रिक स्वरूपाच्या, साधनांविषयीच्या प्रश्नांना "अवघड". आता जुनी पेन्शन घ्या. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून शासकीय सेवेत आलेल्यांना ती लागू राहिली नाही, आणि ती परत मिळावी म्हणून मोठे संप झाले. काटकसरीचा संस्कार म्हणतो, पुढच्या पिढीच्या डोक्यावर बोजा ठेवू नये. कृतज्ञतेचा संस्कार म्हणतो, ज्याने आयुष्य सेवेत घालवले त्याला म्हातारपणी हात पसरायला लावू नये. दोन्ही संस्कार आपल्याच घरचे आहेत. तेव्हा हा प्रश्न काटकसरीचा आहे की कृतज्ञतेचा, हे कोणीतरी सांगावे लागते. ते सांगण्याचे काम पुढारी, पक्ष आणि वर्तमानपत्रे करतात. जॉन झेलर यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या उपपत्तीचे सार हेच आहे. ज्याचे राजकारणाकडे लक्ष असते त्याच्या कानावर असे इशारे अधिक पडतात, आणि त्यांतले आपल्या बाजूचे कोणते व परक्या बाजूचे कोणते हे त्याला ओळखता येत असल्याने तो आपल्या बाजूचे स्वीकारतो व परके परतवून लावतो. ज्याचे लक्ष नसते त्याच्याकडे दोन्ही बाजूंचे थोडे-थोडे साचत राहते, आणि विचारले त्या क्षणी जे वर असेल ते तो बोलून जातो.

बंधूंना "विचारसरणी नाही" असे म्हणण्याचा आधार देणारे एक जुने आणि गाजलेले संशोधनही आहे. फिलिप कॉन्व्हर्स यांनी १९६४ मध्ये अमेरिकन मतदारांच्या मुलाखतींवरून दाखवले, की ज्यांना खऱ्या अर्थाने विचारसरणीने विचार करणारे म्हणता येईल असे लोक १९५६च्या पाहणीत जेमतेम अडीच टक्के होते. त्याच माणसांना १९५६, १९५८ आणि १९६० साली तेच प्रश्न विचारले तेव्हा अनेकांची उत्तरे नाणे उडवून दिल्यासारखी बदलली. म्हणजे बंधू अल्पसंख्याकांत आहेत आणि आपण बहुसंख्याकांत. या निष्कर्षाने पुढे अर्धशतक वाद पेटत ठेवला. त्यातले एक उत्तर आपल्याला दिलासा देणारे आहे. २००८ मध्ये स्टीफन अन्सोलाबेहेर, जोनाथन रॉडेन आणि जेम्स स्नायडर यांनी दाखवले, की एकेका प्रश्नावरचे उत्तर डळमळीत दिसले, तरी एकाच विषयावरच्या अनेक प्रश्नांची उत्तरे एकत्र केली की त्याच माणसांची मते बरीच स्थिर निघतात. विस्कळीतपणाचा मोठा भाग माणसात नसून एकुलता एक प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत असतो. जेवता-जेवता भावाने अचानक टाकलेला प्रश्न ही तर त्याहूनही वाईट मोजपट्टी आहे.

राहिला मुद्दा परंपरा आणि सरकारी वीज यांचा. या दोन मतांत विसंगती आहे असे बंधूंना वाटते, कारण त्यांच्या पक्षाच्या गाठोड्यात ती एकत्र बांधलेली नाहीत. पण गाठोडे बांधणारा वेगळा असता तर ती एकत्र असती. या दोहोंत तर्काने काही विरोध आहे, असे मला तरी दाखवता येत नाही. पुढच्या पत्राचे उत्तर वाचलेत तर जगाच्या मोठ्या भागात आपल्यासारखीच माणसे आढळतात हेही कळेल.

प्रश्न : मी पदव्युत्तर वर्गात शिकते आणि लघुप्रबंधासाठी मूल्ये व राजकीय मते यांवर छोटी पाहणी करणार आहे. वाचनात असे येते, की सुरक्षितता व परंपरा जपणारी माणसे सामाजिक आणि आर्थिक अशा दोन्ही बाबतींत उजवीकडे, म्हणजे जुन्या चालीरीती आणि मुक्त बाजार यांच्या बाजूस, झुकतात. माझी आजी जुन्नर तालुक्यात राहते. सोवळे-ओवळे, व्रतवैकल्ये यांत ती कोणाचे ऐकत नाही, पण "सरकारने द्यायलाच पाहिजे" हे तिचे ठरलेले वाक्य आहे. पुस्तक चुकते की आजी?
— एक विद्यार्थिनी, औंध

उत्तर : आजी चुकत नाही. पुस्तकही पूर्णपणे चुकत नाही, पण ते ज्यांना पाहून लिहिले गेले ती माणसे आजीसारखी नव्हती.

एरियल माल्का, क्रिस्टोफर सोटो, मायकेल इन्झलिक्ट आणि यफ्ताक लेल्केस यांनी २०१४ मध्ये ५१ देशांतील माहिती तपासली. नियमपालन, सुरक्षितता आणि परंपरा यांना स्वयंनिर्णय व नवलाईपेक्षा अधिक मान देणारी माणसे सांस्कृतिक प्रश्नांवर सनातनी बाजूस असतात, हे सगळीकडे बऱ्यापैकी खरे ठरले. आर्थिक प्रश्नांवर मात्र सरासरीने ती डावीकडे, म्हणजे सरकारी संरक्षणाच्या बाजूस झुकलेली निघाली, आणि राजकारणात अधिक गुंतलेल्यांत हा डावा झुकाव कमी होत गेला. स्वतःला "उजवा" म्हणवून घेण्याचा या मूल्यांशी संबंध तर राजकारणात रस असलेल्यांतच, आणि तोही तुलनेने विकसित व वैचारिक चौकट पक्की असलेल्या देशांतच दिसला. आपल्या आजीचे वाक्य यात अगदी सरळ बसते. ज्याला अनिश्चिततेची धास्ती असते त्याला देवाचा जसा आधार वाटतो तसाच रेशनचाही वाटतो. पाऊस दगा देतो हे ज्याने शिवारात पाहिले आहे त्याला बाजाराच्या भरवशाची महती सांगायला बरीच भाषणे लागतील.

अमेरिकेपुरता हा धागा ख्रिस्तोफर जॉन्स्टन, हॉवर्ड लॅव्हिन आणि ख्रिस्तोफर फेडेरिको यांनी २०१७ मध्ये आणखी पुढे नेला. राजकारणाकडे फारसे लक्ष नसलेल्यांत सुरक्षितता जपणारी माणसे सरकारी मदतीच्या बाजूने असतात, कारण ती "यातून माझे काय" असा विचार करतात. राजकारणात रमलेल्यांत मात्र तीच मूल्ये असलेली माणसे मुक्त बाजाराकडे वळतात. सांस्कृतिक प्रश्नांमुळे ती एका पक्षाशी आधी जोडली जातात, आणि मग त्या पक्षाचे आर्थिक धोरणही "आपल्यासारख्या माणसांचे मत" म्हणून उचलतात. अशा वेळी आर्थिक मत हे हिताचा हिशेब न राहता ओळखीची खूण होते. कपाळावरच्या गंधासारखी, म्हणा. मला या सर्व अभ्यासांतील हा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष वाटतो, कारण सहभाग वाढला की मूल्य आणि मत यांची तार जुळते एवढेच तो सांगत नाही. एकाच मूल्याची तार सहभागामुळे उलट दिशेला जाऊ शकते, असेही तो सांगतो.

भारतात हे असेच्या असे लावू नये. डावे-उजवे ही मोजपट्टी युरोपच्या इतिहासातून आली आहे. प्रदीप छिब्बर आणि राहुल वर्मा यांनी २०१८ मध्ये असे प्रतिपादन केले, की भारतीय राजकारणात विचारसरणी नाही हा समज चुकीचा आहे, मात्र तिचे अक्ष वेगळे आहेत. राज्यसंस्थेने समाजाच्या चालीरीतींत व संपत्तीच्या वाटपात किती हात घालावा, हा पहिला अक्ष. मागे राहिलेल्या आणि अल्पसंख्य समूहांना सामावून घेण्यासाठी राज्यसंस्थेने विशेष तरतुदी कराव्यात की नाही, हा दुसरा. आरक्षणाचा प्रश्न दुसऱ्यात येतो, आणि तो "उजवे-डावे" या एका रेषेवर बसवू पाहणाऱ्याची दमछाक होते.

पाहणीविषयी दोन-तीन गोष्टी सुचवतो, कारण लघुप्रबंध वाचताना तेथेच चुका आढळतात. मूल्यांचे प्रश्न मतांच्या आधी विचारावेत. पक्षाचे नाव आणि धोरणे यांची चर्चा झाल्यावर मूल्ये विचारली, तर माणूस आपली मूल्ये मतांना जुळवून सांगतो. श्वार्ट्झ यांच्या पद्धतीत "एका व्यक्तीला अमुक महत्त्वाचे वाटते, ती आपल्यासारखी कितपत आहे?" असे विचारतात. युरोपीय सामाजिक सर्वेक्षणात अशी एकवीस वर्णने आहेत. गावातील वडीलधाऱ्यांशी बोलताना ही पद्धत आकड्यांच्या पट्टीपेक्षा सोपी जाते. आपल्याकडे बहुतेकांना सगळीच मूल्ये "फार महत्त्वाची" वाटतात, म्हणून प्रत्येकाच्या उत्तरातून त्याची स्वतःची सरासरी वजा करावी, म्हणजे कोणते मूल्य कोणत्याहून वर आहे हे दिसेल.

दुसरे, सहभाग ही एकजिनसी वस्तू नाही. राजकारणात रस असणे, राजकारणाची माहिती असणे आणि राजकारणात काम करणे ही तीन वेगळी परिमाणे आहेत. मंडईजवळच्या चहाच्या टपरीवर तासन्‌तास बोलणाऱ्याला रस भरपूर असतो, पण स्थायी समिती कशाला म्हणतात हे विचारले तर तो विषय बदलेल. निवडणुकीत घरोघरी स्लिपा वाटणाऱ्याचे काम खूप, पण तो कधी-कधी रोजंदारीवर असतो. फेडेरिको आणि मोनिका श्नायडर यांनी २००७ मध्ये माहिती आणि ठाम मत बनवण्याची वृत्ती या दोन गोष्टी निरनिराळ्या धरून त्यांचा एकत्रित परिणाम तपासला होता. आपणही तिन्हींसाठी वेगळे प्रश्न ठेवा, आणि त्यांची एकच बेरीज करण्याचा मोह टाळा.

आणि पाहणीत संबंध दिसला तरी "सहभागामुळे असे झाले" असे लिहू नका. शिकलेली, वेळ असलेली, घरात वर्तमानपत्र येणारी माणसेच बहुधा राजकारणात अधिक रस घेतात, तेव्हा तो परिणाम शिक्षणाचाही असू शकतो. एका वेळच्या पाहणीतून हे सुटत नाही.

प्रश्न : पूर्वीचे पुढारी आपल्या तत्त्वांप्रमाणे राजकारण करत. आता आधी पक्ष धरतात आणि मग तत्त्वे शोधतात. हे आजच्याच काळाचे लक्षण नव्हे काय?
— एक वाचक, कसबा पेठ

उत्तर : तुलना करायची तर आपण ज्या शहरात राहतो त्याच शहरातील एक प्रकरण समोर ठेवू. टिळक आणि आगरकर डेक्कन कॉलेजमध्ये मित्र झाले, १८८१ साली सुरू झालेल्या 'केसरी'त एकत्र आले, आणि १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात, डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र राहिले. देशप्रेम, शिक्षणावरची निष्ठा, साधी राहणी ही मूल्ये दोघांचीही होती, आणि त्यांविषयी कोणाला शंका घेता येणार नाही. तरी आगरकरांनी १८८७ मध्ये 'केसरी' सोडला आणि पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला. दोघांपाशीही ती सारी मूल्ये होती, पण त्यांचा क्रम निराळा होता. मूल्यांची टक्कर होते तेव्हा यादीपेक्षा क्रम निर्णायक ठरतो, हे रोकीच यांचे म्हणणे पुण्यातील या दोन मित्रांना लावून पाहावे.

पुढे १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला. मुलीशी, ती विवाहित असो वा अविवाहित, शरीरसंबंधाची किमान वयोमर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणारा हा कायदा होता. टिळकांनी त्याला कडाडून विरोध केला. आता येथे गंमत अशी, की त्याच्या आदल्या वर्षी सुधारकांनी स्वतःहून प्रतिज्ञा घ्यावी असे टिळकांनी सुचवले होते, आणि त्या प्रतिज्ञेत मुलींची लग्ने सोळा व मुलांची वीस वर्षांच्या आत करू नयेत असे कलम होते. सोळा वर्षे सुचवणारा माणूस बारा वर्षांना विरोध करतो हे निव्वळ मूल्यांवरून उलगडत नाही. त्यांच्या लेखी तो प्रश्न मुलीच्या वयाचा उरला नव्हता. परक्या सरकारने आमच्या घरात कायदा करावा का, हा प्रश्न झाला होता. रानडे आणि भांडारकर यांच्या लेखी तो मुलीच्या जिवाचाच राहिला. १८९५ च्या पुण्यातील काँग्रेस अधिवेशनात रानड्यांच्या समाजसुधारणेसाठीच्या सामाजिक परिषदेस काँग्रेसचा मंडप मिळू नये म्हणून जे रण माजले, तेही याच भांडणाचे पुढचे पर्व होते, आणि शेवटी रानड्यांनी मंडपाचा आग्रह सोडला. टिळकांची भूमिका मला पटत नाही, पण तिला ढोंग म्हणणे मला अन्यायाचे वाटते. राजकीय लढ्यात खोल उतरलेल्या माणसाला एकच प्रश्न निराळ्या मूल्याच्या प्रकाशात दिसू लागतो. सहभागाचे काम बहुतेक वेळा असेच चालते. जुने मूल्य पुसले जात नाही, दुसरे पुढे येऊन बसते.

याचा अर्थ आपली तक्रार खोटी असा नाही. पॉल गोरेन यांनी २००५ मध्ये अमेरिकेत त्याच व्यक्तींच्या ठरावीक काळाने पुन्हा घेतलेल्या मुलाखती तपासल्या. समान संधी, मर्यादित सरकार यांसारखी राजकीय मूल्ये पक्षनिष्ठेला वळवतात त्याहून पक्षनिष्ठाच त्या मूल्यांना अधिक वळवते, असे त्यांना आढळले. जेफ्री कोहेन यांनी २००३ मध्ये विद्यार्थ्यांना सरकारी कल्याणयोजनेचे मसुदे वाचायला दिले. योजना सढळ असो की हात आखडता घेणारी, "आपल्या पक्षाचा तिला पाठिंबा आहे" एवढे कळले की विद्यार्थी तिच्या बाजूने जात, आणि आपण योजनेतील तपशील पाहूनच मत दिले असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत असे. हा प्रामाणिकपणाच त्यातला अडचणीचा भाग आहे. मात्र गोरेन यांनीच २०१३ मध्ये सामान्य मतदाराची बाजूही घेतली. ज्यांचे राजकारणाचे ज्ञान तोकडे आहे तेही आपल्या मूलभूत धोरणविषयक धारणा वापरूनच मत देतात, आणि जाणकारांच्या तुलनेत फारसे कमी पडत नाहीत, असे त्यांनी मांडले. तेव्हा विद्वानांत या मुद्द्यावर अजून एकमत नाही.

प्रश्न : माझी मुलगी यंदा महाविद्यालयात गेली आणि एका युवक संघटनेच्या सभांना जाऊ लागली. घरात रोज वाद होतात. तिला राजकारणापासून दूर ठेवले तर तिच्यावरचे संस्कार शाबूत राहतील, असे तिचे बाबा म्हणतात. ती हुशार आहे, गणितात तर नेहमी पहिली. ती वाहवत जाईल का?
— एक आई, कोथरूड

उत्तर : दूर ठेवल्याने संस्कार शाबूत राहतील, पण ते सार्वजनिक प्रश्नांपर्यंत पोचणार नाहीत. पहिल्या पत्रातील वडीलबंधूंची अडचण तीच आहे.

हुशारीवर मात्र विसंबू नका. डॅन कहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत लोकांना आकड्यांचे एक कोष्टक दिले. काहींना सांगितले की हे त्वचेवरच्या मलमाच्या चाचणीचे आकडे आहेत, आणि काहींना सांगितले की हे शस्त्रबंदी आणि गुन्हेगारी यांचे आहेत. मलमाचे आकडे गणितात पक्क्या असलेल्यांनी बरोबर वाचले. शस्त्रबंदीचे म्हणून सांगितलेले तसेच आकडे वाचताना दोन पक्षांच्या माणसांतले अंतर गणितात पक्क्या असलेल्यांतच सर्वांत जास्त निघाले, कारण निष्कर्ष नावडता असेल तेव्हाच ते आकडे खोलवर तपासत होते.

घरात वाद होतो तेव्हा "कोणत्या पक्षाचे बोलतेस" असे विचारू नये. "हे मत तुझ्या कोणत्या मूल्यातून आले आणि मधल्या पायऱ्या कोणत्या" असे विचारावे, आणि तिने तोच प्रश्न उलट विचारला तर तिच्या बाबांनीही उत्तर द्यावे. हेच धोरण विरोधी पक्षाने मांडले असते तर आपण काय म्हटले असते, हा खेळ जेवणाच्या ताटावरही खेळता येतो. आमच्या घरी तो खेळताना मीच दोनदा हरलो आहे. शक्य असेल तर तिला संघटनेच्या सभांबरोबरच प्रभागाच्या कामातही ओढा. महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून प्रभागातील कामे सुचवून घेते, ती सुचवण्याचा अर्ज तिला भरू द्या. पदपथ आधी की कचऱ्याचे डबे, या प्रश्नावर कोणत्याच पक्षाचे आयते गाठोडे नसते, आणि तेथे तिला आपल्या पायऱ्या स्वतःच बांधाव्या लागतील.

ती अठरा वर्षांची झाली असेल आणि मतदारयादीत नाव नसेल, तर नमुना ६ भरून घ्यावा. पूर्वी त्यासाठी १ जानेवारी ही एकच अर्हता तारीख होती. आता १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर याही तारखा धरल्या जातात, आणि सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्जही करता येतो.